मूठभर बदाम

अख्ख्या पातेलंभर खिरीत विहीणबाईंनी एकच बदाम टाकला. मी समोर उभी होते, डोळ्यांनी पाहिलं. आधी तो गरम पाण्यात भिजवून सोलला, मग दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर आणला, त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि दिला सोडून पातेल्यात. वर झाकण ठेवलं, लोकरीची टोपी कानांवर ओढली आणि सरपण आणायला अंगणात गेल्या.

चार माणसांत एक बदाम. तोही नाताळच्या सणाला आणि विहीण घरात असताना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. फिनलंडच्या उत्तरेला रोव्हानिएमी म्हणून शहर आहे, तिथून गाडीनं आणखी दोन तास वर गेलं की माझ्या लेकीचं, सुवार्ताचं, सासर. दिली म्हणायचं आपलं, तिचं तिनंच केलं. वृद्धाश्रमात कामाला म्हणून गेली, दोन वर्षांत त्यांची भाषा शिकली आणि रस्त्यावरचा बर्फ काढायची मोठी गाडी चालवणाऱ्या युहोशी लग्न करून मोकळी झाली. युहो मुलगा चांगला आहे. फक्त दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन जेवताना. त्याचे वडील वारलेले. वरच्या मजल्यावर ही दोघं, खाली त्याची आई ऐला, म्हणजे आमच्या विहीणबाई.

आणि मी मार्था साळवे. नगर जिल्ह्यात मिशनच्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात चौतीस वर्षं काढली, शेवटची बारा मेट्रन म्हणून. आसपासच्या खेड्यांतली माणसं बैलगाडीत बाई घालून आणायची आणि फाटकातच विचारायची, साळवे सिस्टर ड्युटीवर आहेत का? मी असले तरच गाडी आत. अडलेली बाई माझ्या टेबलावर आली की मोकळी होऊनच उतरायची. पायाळू म्हणू नका, जुळी म्हणू नका, मी सगळं काढलंय. तेव्हा माझ्या पोटच्या पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी, माझ्या हातून व्हायचं, यात विचारायचं काय होतं?

पण ऑक्टोबरात सुवार्ताचा फोन आला. "आई, येणं जमणार नाही. सासूबाई नाही म्हणतात."

"का म्हणून?"

"म्हणतात, इथेच होऊ दे. तिकडे नको."

तिकडे नको म्हणजे काय, आमच्याकडे काय माणसं जन्माला येत नाहीत? मी आठ दिवस जेवले नाही नीट. मग भाच्याला सांगून जाताना एक आणि येताना दोन अशी तिकिटं काढली, परतीची अठ्ठावीस डिसेंबरची. मी समोर उभी राहिले की भल्याभल्यांचं 'नाही' पातळ होतं, हा माझा अनुभव होता.

अठरा तारखेला पोहोचले. उणे सव्वीस. नाकातला श्वास नाकातच गोठायचा. सूर्य तर उगवतच नाही तिकडे त्या दिवसांत, दुपारी दोनतीन तास निळसर उजेड पडतो आणि परत अंधार. मी म्हटलं असू दे, नाताळ तर मजेचा जाईल, ही जुनी ख्रिस्ती माणसं, आपल्याला काही बघायला मिळेल. कसलं काय. आमच्याकडे एक डिसेंबर लागला की घरावर चांदणी चढते, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरतात, ढोलकी-टाळ घेऊन पोरं घरोघर गाणी म्हणत फिरतात. इथे खिडकीत एक मेणबत्ती, छताला गवताच्या काड्यांचं एक झुंबर, चिमण्यांसाठी अंगणात ओटची पेंढी बांधलेली आणि सगळीकडे चिडीचूप. नाताळ आहे की सुतक, कळेना.

विहीणबाईंचं तोंड तर पहिल्या दिवसापासून फिरलेलं. मी त्यांना पैठणी नेली होती. त्यांनी ती हातात घेतली, उलगडलीसुद्धा नाही, कपाटावर ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू काही चोरून आणलंय. मग सुवार्ताला काहीतरी विचारलं. आवाजावरून ते प्रेमाचं नव्हतं हे कुणालाही कळलं असतं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारतात, किती दिवस राहणार."

"सांग त्यांना, राहायला आले नाही. माझ्या लेकीला न्यायला आलेय. पहिलं बाळंतपण आमच्यात आईकडे होतं आणि ही आई नुसती आई नाही, मेट्रन आहे. तुमच्या नाही म्हणण्याला मी जुमानत नाही."

सुवार्तानं तीन-चार शब्दांत ते सांगितलं. विहीणबाईंनी ओठ आवळले आणि भांडी घासायला लागल्या. पुढचे पाच दिवस हेच. मी दहा वाक्यं बोलले की सुवार्ता एक वाक्य बोलायची. त्या एक वाक्य बोलल्या की हिचं मराठी दोन शब्दांत संपायचं. मला वाटलं, त्यांची भाषाच आटोपशीर असेल. दोघी विहिणी एका स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून वावरत होतो आणि मधे सातव्या महिन्याचं पोट घेऊन माझी लेक. मी तिला काढा दिला की त्या कप उचलून बाजूला ठेवायच्या. त्यांनी तिच्या पायांखाली स्टूल सरकवलं की मी ते काढून उशी द्यायची. उघड भांडण असतं तर एकदाचं मिटलं तरी असतं.

आणि आता हा एक बदाम.

मी झाकण उचललं. तांदूळ दुधात दोन तास शिजून मऊसूत झाले होते, पण साखर जेमतेम, वेलची नाही, जायफळ नाही. आजाऱ्याला द्यावी तशी पांढरी फटक खीर. सुवार्ता वर आडवी झाली होती. युहो अंगणात फावड्यानं वाट मोकळी करत होता. मी माझी पिशवी उघडली. सुवार्तासाठी डिंकाचे लाडू करायचे म्हणून सगळं सामान नगरहून नेलं होतं, डिंक, खारीक, खोबरं, बदाम. त्यातले मूठभर बदाम उकळत्या पाण्यात टाकले, सोलले आणि अख्खेच्या अख्खे खिरीत घातले. अजून एक मूठ घातली. चार चमचे साखर, वेलदोड्याची पूड, जायफळ. ढवळून झाकण ठेवलं. म्हटलं, बघा आता, खीर कशाला म्हणतात.

बाराला दहा कमी असताना विहीणबाई आत आल्या. सरपण चुलीपाशी ठेवलं, हातमोजे काढले, झाकण उचललं आणि थबकल्या. डाव पातेल्यात घालून वर काढला. डावात पाच बदाम. परत घातला, परत काढला. मग वळल्या आणि जे सुरू झाल्या ते थांबेनात. बाई इतकं बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. आवाज ऐकून सुवार्ता कठड्याला धरत खाली आली, युहो बर्फाच्या बुटांनिशी दारात.

"आई, काय केलंस तू?"

"काय केलं म्हणजे? खिरीत बदाम घातले. विष नाही घातलं."

"अगं, त्यात एकच असतो. मुद्दाम. ज्याच्या वाटीत येईल त्यानं एक गोष्ट मागायची आणि घरातल्यांनी नाही म्हणायचं नाही. यांच्या घरातला नेम आहे तो. सासरे असल्यापासूनचा."

"मग आधी नाही सांगायचं? मला वाटलं, कंजूषपणा."

विहीणबाई बोलतच होत्या. मला बोट दाखवत, पातेल्याला बोट दाखवत. मीही गप्प बसणारी नव्हते. "सांग त्यांना, पाच दिवस माझ्याशी बोलायला वेळ नव्हता, एका बदामासाठी घसा फुटतोय. सांग, एक बदाम जपता येतो आणि पाहुणीशी नीट वागता येत नाही. सांग सगळं, एक शब्द गाळू नकोस."

"आई, बारा वाजायला आलेत, गप्प बस."

"बारा वाजले म्हणून काय झालं?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टीव्हीवर घंटा वाजायला लागल्या. कुठल्यातरी जुन्या शहरातला चौक, खच्चून गर्दी आणि वर सज्जात एक माणूस लांबलचक कागद धरून उभा. पहिली घंटा पडली आणि विहीणबाईंचं तोंड अर्ध्या वाक्यात मिटलं. खरंच अर्ध्या वाक्यात. हात हवेत होता तो खाली आला. युहोनं टोपी काढली.

सुवार्ता माझ्या कानाशी पुटपुटली, "नाताळची शांतता जाहीर करतात. शेकडो वर्षांची रीत आहे. आता भांडण बंद. पूर्वी मोडणाऱ्याला जास्त शिक्षा व्हायची."

मी हात पुसले आणि उभी राहिले. दुसऱ्याच्या घरचा नेम असला तरी देवाच्या नावाचा होता. माझ्या घशाशी आलेलं सगळं मी गिळलं, पण चेहऱ्याचं काही करता आलं नाही. विहीणबाईंनाही नाही.

मग आम्ही चौघं जेवायला बसलो. विहीणबाईंनी शांतपणे सगळ्यांना खीर वाढली. युहोनं पहिला घास घेतला आणि बदाम फोडल्याचा आवाज आला. दुसरा घास, दुसरा आवाज. त्या चिडीचूप घरात तो कडाकड आवाज इतका मोठा वाटायला लागला की मलाच अवघडल्यासारखं झालं. विहीणबाईंनी आपल्या वाटीतले चार बदाम काढून बशीच्या कडेला ओळीनं मांडले. मग चमचा ठेवून त्या लेकाला काहीतरी म्हणाल्या, आवाज अगदी खाली ठेवून.

युहो इंग्रजीत मला म्हणाला, "आई म्हणते, सगळ्यांना आला, तर सगळ्यांनी मागावं. पाहुण्यांनी आधी."

माझं इंग्रजी वॉर्डातलं. पण त्या दिवशी मला सुवार्ताकरवी काही सांगायचं नव्हतं. माझे दहा शब्द तिच्या तोंडून तीन होतात, ते मला नको होते. मी जावयाकडे बघून माझ्या तोडक्या इंग्रजीत सरळ म्हटलं, "मला माझी मुलगी पाहिजे. बाळंतपणाला. अठ्ठावीस तारखेला माझ्याबरोबर. तुमच्या आईनं नाही म्हणायचं नाही."

सुवार्ता म्हणाली, "आई, नको."

पण युहोनं ते त्याच्या आईला सांगून टाकलं होतं. विहीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगणं कठीण आहे. रागच होता, पण त्याला काय करावं ते कळत नव्हतं. त्यांनी लेकाला दोनदा काहीतरी विचारलं. त्यानं दोनदा मान हलवली.

"आई म्हणते," युहो म्हणाला, "तिलाही बदाम आला तर हेच मागायचं होतं. तुमच्याकडे. हिला घेऊन जा, असं."

"काय?"

"ती म्हणते, पोरीला अशा वेळी तिची आई पाहिजे."

"मग दोन महिने नाही का म्हणत होत्या?"

त्यानं विचारलं. विहीणबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग तोच हात माझ्याकडे केला.

"ती म्हणते, मी नाही म्हटलं नाही. तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही आयुष्यभर बाळंतपणं केली, आता कंटाळलात, मुलीचं करायची इच्छा नाही. सुवार्तानं असं सांगितलं. आई म्हणते, तुम्ही आलात त्या दिवशी तिनं पहिलं हेच विचारलं, स्वतःच्या मुलीला का नेत नाही म्हणून."

मी सुवार्ताकडे पाहिलं. विहीणबाईंनीही पाहिलं. पाच दिवसांत आम्हा दोघींची नजर पहिल्यांदा एका ठिकाणी गेली. ती खिरीत चमचा फिरवत होती.

"खरंय हे?" मी मराठीत विचारलं.

"हो."

"मला सांगितलंस सासू नाही म्हणते. सासूला सांगितलंस आई नाही म्हणते."

"हो."

"मग नाही कोण म्हणतंय?"

"मी," सुवार्ता म्हणाली. "मला नाही यायचं."

युहो खाली बघत होता. त्याला तेवढं माहीत असावं, पण मधे पडायचा त्याचा स्वभाव नाही. मी म्हटलं, "का? तिथे घाण आहे? डास आहेत? का तुझ्या नवऱ्याला करमणार नाही?"

"तुझ्या हातून नको, म्हणून."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. चौतीस वर्षं ज्या हातांसाठी बैलगाड्या फाटकात थांबल्या त्यांच्याबद्दल ही बोलत होती.

"मी चौथीत होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, सण मोडेल म्हणून, किंवा तिला चढवायचाच नव्हता. "क्वार्टरमधली लाइट गेली की तू मला वॉर्डाच्या व्हरांड्यात अभ्यासाला बसवायचीस. खिडकीला पडदा होता, पण ऐकू सगळं यायचं. राहुरीकडची एक होती, कांता. लहान होती. खूप ओरडत होती. तू तिला मारलंस. चापट. एक नाही, मी मोजायचं बंद केलं. आणि म्हणालीस..."

मग तिनं माझा आवाज काढला. अगदी माझा.

"नवऱ्यापाशी जाताना नाही बोंबललीस, आता कशाला बोंबलतेस गं?"

विहीणबाई दचकल्या. शब्द एकही कळला नसेल, पण आवाज कळला.

मी काय सांगू? ते वाक्य माझं एकटीचं नव्हतं. माझ्या आधीच्या मोठ्या सिस्टर तेच म्हणायच्या, मी ट्रेनिंगला असताना पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि टोपीला पिन लावायला शिकले तसं तेही शिकले. माझ्या हाताखालच्या मुलीही तेच म्हणायच्या. एका वेळी तीन-तीन टेबलं, डॉक्टर तालुक्याला गेलेले, बाई कळ सोडून देते, बाळाचे ठोके उतरायला लागतात. तिथे गोंजारत बसलं तर दोघं जातात. मी मारलं म्हणून कितीतरी जणी जोर लावू शकल्या, हे मला आजही वाटतं. तेव्हा तर शंकाच नव्हती.

"तिचं मूल जिवंत आलं ना?" मी म्हटलं.

"आलं. मुलगा झाला. घरी जाताना ती तुझ्या पाया पडली. पेढे देऊन गेली." सुवार्तानं माझ्याकडे पाहिलं. "मी खाल्ले ते पेढे, आई. तू मला दिलेस आणि मी खाल्ले. पोटात मूल आहे हे कळलं त्या दिवसापासून मला ती बाई आठवते. तुझ्या पाया पडताना तिचे हात थरथरत होते."

"तुला मी मारलं असतं का?"

"माहीत नाही."

"मी तुझी आई आहे."

"ते माहीत आहे. पण टेबलावर मी ओरडायला लागले असते तर तू काय केलं असतंस, ते मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायच्या आधी राग आला. हिला वाढवली, शिकवली ती त्याच पगारावर, त्याच हातांनी. तोंडावर आलं होतं की तुझं तू बघ, मर इथे बर्फात. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि हाताकडे लक्ष गेलं, तर तो उजवा हात होता. मी तो मांडीवर ठेवला.

विहीणबाईंनी युहोला विचारलं. त्यानं खांदे उडवले, त्याला मराठी येत नाही. मग त्यांनी सुवार्ताला विचारलं, थोड्या करड्या आवाजात. त्यांच्याशीही ती खोटं बोलली होती, त्यांनाही जाब हवा होता. त्यांची नजर सुवार्तावरून माझ्यावर आली. ही पोर आईच्या हातून बाळंत व्हायला का नको म्हणते, याचं उत्तर त्या माझ्या तोंडावर शोधत होत्या. मी मान खाली घातली. चौतीस वर्षांत मी कुणापुढे मान खाली घातली नव्हती.

सुवार्ता बोलायला लागली. या वेळी भरपूर बोलली. मला वाटलं, संपलं. आता या बाईसमोर माझे कपडे उतरणार. मी उठून वर जायच्या बेतात होते. पण विहीणबाईंचा चेहरा वेगळाच होत गेला. आवळलेले ओठ सुटले. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि एक जाड उशी घेऊन आल्या. माझ्यासमोर स्टूल ठेवलं, त्यावर उशी ठेवली आणि खाली वाकून माझा पाय दोन्ही हातांनी उचलून त्या उशीवर ठेवला. मग दुसरा.

"काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं, तुझे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन सांगितलंय. तू कुणाला कळू देत नाहीस. मी आले तर दिवसरात्र माझ्यामागे उभी राहशील, म्हणून मी दोघींना खोटं सांगितलं." ती खीर खायला लागली. "हसतमुखानं बस आता. त्यांना तुझा अभिमान वाटतोय."

विहीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हसतमुखानं बसले. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. मी तेव्हा एका दमात चार जिने चढायची.

अठ्ठावीसला मी एकटीच परत आले. दुसरं तिकीट वाया गेलं. नात मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिकडेच झाली. मला फोनवर कळलं. बाळंतपणात खोलीत युहो होता आणि एक सुईण होती. ती सुईण, सुवार्ता म्हणाली, सबंध वेळ हलक्या आवाजात बोलत होती. नात आता दहा वर्षांची आहे, तिला मराठीत आजी म्हणता येतं. विहीणबाई दर महिन्याला फोनवर माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. बरे आहेत म्हणते.

पण मला राहून राहून आठवते ती त्याच दिवसाची दुपार. तिकडे नाताळच्या आदल्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात जातं, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला. साडेतीन वाजले होते आणि पुरता अंधार पडला होता. मी निघायला बूट घातले तर विहीणबाईंनी मला थांबवलं. शेडमधून एक घसरगाडी काढली. पुढे बसायला लाकडी पाट, खाली लोखंडी पट्ट्या आणि मागे उभं राहून एका पायानं रेटायचं. म्हाताऱ्या माणसांना तिकडे तशी नेतात. मी नाही म्हणणार होते. सुवार्तानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी बसले, विहीणबाईंनी माझ्या गुडघ्यांवर एक पांघरूण टाकलं. विहीणबाई मागून रेटत होत्या, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. चढावावर त्यांना धाप लागत होती आणि मला ती ऐकू येत होती. उतरून सरळ चालायला लागावं असं दहा वेळा मनात आलं. युहो पुढे, सुवार्ता बाजूनं पोटावर हात ठेवून सावकाश चालत होती. फाटकातून आत गेलो आणि सगळीकडे बर्फात खळगे करून मेणबत्त्या लावलेल्या. शेकडो. माणसं उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडच्यापेक्षा ते सुंदर होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

विहीणबाईंनी नवऱ्याच्या कबरीवरचा बर्फ हातानं बाजूला केला आणि मेणबत्ती लावली. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून बरंच काही बोलल्या, न थांबता, डोळ्यांत पाणी आणून. त्यात माझं नाव दोनदा आलं.

"काय म्हणतात?" मी सुवार्ताला विचारलं.

सुवार्ता मेणबत्तीकडे बघत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "गुडघ्यांवर पांघरूण नीट घ्या म्हणतात."

मी नीट घेतलं.